नऊ दिवसांवरची फाइट

माई,
मी मालवण तालुक्यातला, वय २९. शाळेत असताना बॉक्सिंग सुरू केलं, राज्य स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, मग मुंबईला जाऊन प्रोफेशनल झालो. पहिल्या सात फाइट जिंकलो. गावात बॅनर लागला, जत्रेत नारळ-शाल झाली. पुढच्या पाचपैकी चार हरलो. एप्रिलमध्ये पाचव्या राऊंडला पडलो आणि दहा मोजेपर्यंत उठता आलं नाही. तेव्हापासून गावीच आहे. बाबांच्या होडीचं इंजिन बसलंय, १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठायच्या आत दुसरं हवं. बायको तारकर्लीला एका होमस्टेमध्ये काम करते, तिला सहावा महिना आहे. काल प्रमोटरचा फोन आला. बँकॉकला आठ राऊंडची फाइट, दीड लाख रुपये, नऊ दिवसांवर. वजन ६१ किलोत बसवायचं, आत्ता मी ६७ आहे. मॅनेजर म्हणतो, ही घेतलीस तर पुढच्या फाइटची सोय होईल. बायको नको म्हणते. अधूनमधून डोकं दुखतं, ते पावसामुळे असेल. मे महिन्यात मासळीच्या लिलावाला उभा असताना आकडे गोंधळायचे, पण तेव्हा झोपही होत नव्हती. हे तिला सांगितलेलं नाही. मी संपलो की हा नुसता वाईट काळ आहे? काय ता खरा सांग.
— निळा कोपरा

बाबू,

तुझा ईमेल मी वाचला तोवर नवातले दोन दिवस सरले होते, म्हणून लगेच चारच शब्द पाठवले: फाइट अजिबात घेऊ नकोस. त्यावर तुझं उत्तर आलं, "बघतो." आमच्याकडे स्थळाला नकार आणि उधारीला होकार, दोन्ही याच शब्दात देतात. तेव्हा आता सविस्तर लिहिते.

आधी तू घेतलेलं टोपणनाव. लाल कोपरा बहुतेक वेळा घरच्या बॉक्सरचा असतो, ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याचा. निळ्यात पाहुणा बसतो. तू स्वतःच ते नाव निवडलंस, म्हणजे बँकॉकला आपल्याला कशासाठी बोलावतायत ते तुला माझ्याआधी कळलेलं आहे.

तरी बोलून टाकते. तुझ्या पहिल्या सात फाइट कोणाकोणाशी झाल्या ते एका कागदावर लिही. माझा अंदाज, त्यातले दोन-तीन तरी पहिल्यांदाच रिंगमध्ये आलेले असतील आणि उरलेल्यांच्या जिंकलेल्या फाइटपेक्षा हरलेल्या जास्त. यात लाज वाटायचं कारण नाही. नव्या मुलाला सगळ्या जगात असंच चढवतात, आधी सोपे प्रतिस्पर्धी, चार राऊंडच्या फाइट, मग हळूहळू सहा आणि आठ. बॅनरवर '७-०' छापतात, त्या सात जणांची नावं कोणी छापत नाही. पुढे खरे बॉक्सर समोर आले आणि तू हरायला लागलास. तुझा चढ वाटला तेवढा उंच नव्हता, आणि म्हणूनच घसरणही तुला वाटते तेवढी खोल नाही. हे ऐकून तुला बरं वाटेल की वाईट ते मला सांगता येणार नाही.

आता प्रमोटरच्या बाजूने बघ. त्याच्याकडेही एखादा '७-०' वाला पोरगा असणार आणि त्याला आठवा हवाय. तुझ्या नावापुढे आठ जिंकलेल्या, चार हरलेल्या, शेवटची नॉकआउटने. पोस्टरवर छापायला बरं नाव आणि पाडायला सोपं. नऊ दिवस आधी फोन येतो तेव्हा बहुधा आधी ठरलेला कोणीतरी गळालेला असतो, आणि घाईत भरती करताना कोणी तुझा मेडिकल रिपोर्ट विचारत नाही. विचारला का? नॉकआउट झालेल्या बॉक्सरला परदेशात बॉक्सिंग मंडळ सक्तीने काही आठवडे रिंगबाहेर बसवतं, त्या काळात स्पॅरिंग, म्हणजे सरावातली लढतसुद्धा, करू देत नाही. एप्रिलनंतर तुला असं कोणी बसवलं का, की तू आपणहूनच गावी येऊन पडलास? पत्रात याबद्दल एक अक्षर नाही.

हरण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची तू उगाच धास्ती घेतली आहेस. विजेंदर सिंगचं तुला ठाऊकच असेल. २००८ ला बीजिंगला ऑलिंपिकचं कांस्य, २०१५ मध्ये प्रोफेशनल, सलग बारा फाइट जिंकल्या. तेरावी मार्च २०२१ मध्ये, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीच्या गच्चीवर. आर्तिश लोप्सान नावाच्या उंच रशियन पोराने त्याला पाचव्या राऊंडला हरवलं. सव्वा वर्षाहून जास्त काळ तो रिंगमध्ये उतरला नव्हता आणि ते अंगावर दिसत होतं. पुढे सतरा महिने थांबून २०२२ च्या ऑगस्टमध्ये रायपूरला उतरला आणि जिंकला. हरला म्हणून कोणी संपत नाही.

पण तुझा मॅनेजर तुला जॉर्ज फोरमनची गोष्ट सांगत असेल, सगळे मॅनेजर सांगतात. १९७४ मध्ये मुहम्मद अलीशी हरलेला माणूस १९९४ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा हेवीवेटचा जगज्जेता झाला. गोष्ट खरी आहे. सांगताना मधली दहा वर्षं गाळतात, एवढंच. १९७७ ते १९८७ फोरमन रिंगमध्ये नव्हता, चर्चमध्ये प्रवचन करत होता. दहा वर्षं त्या डोक्यावर ठोसा पडला नाही. आणि ज्याने त्याला हरवलं तो अली थांबला नाही. १९८० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहाव्या राऊंडनंतर त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी फाइट थांबवली. तरी पुढच्या वर्षी आणखी एक लढला, तीही हरला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. तो आजार ठोशांमुळेच झाला का यावर डॉक्टर आजही वाद घालतात, त्यात मी पडत नाही. पण त्या शेवटच्या दोन फाइटची गरज कोणाला होती, एवढं विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुझ्या पत्रात बॅनर आहे, इंजिन आहे, वजन आहे, आणि मध्येच दोन वाक्यं आहेत, जी तू पावसाच्या आणि झोपेच्या नावावर खपवलीस.

माझा थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता. सत्तरच्या दशकात बॉक्सिंग करायचा, हौशी, तीन-तीन राऊंडचं. मे महिन्यात गावी आला की पहाटे खळ्यात दोरीच्या उड्या मारायचा आणि आम्ही पोरंटोरं पडवीत बसून मोजायचो. मला त्याचा इतका अभिमान होता की शाळेत मी त्याच्या नाकावरची खूण वर्णन करून सांगायची. मग एका वर्षी तो आला तेव्हा वहिनीने त्याला दुकानात पाठवलं, खोबरेल, मीठ आणि आगपेटी आणायला. तीनच वस्तू. तो परत आला तीन आगपेट्या घेऊन. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला. वहिनी तेवढी हसली नाही. तिने आगपेट्या फडताळात ठेवल्या आणि स्वतः चपला घालून दुकानात गेली. त्यानंतर तो आणखी दोन वर्षं लढला, कारण दर वेळी 'ही शेवटची' असायची. पुढचं लिहीत नाही, तो माझ्या वहिनीचा विषय आहे.

ज्याचं अख्खं लहानपण लिलावात गेलं त्याला सुरमईचा आकडा गोंधळावा? तू झोपेत असतास तरी भाव सांगितला असतास. नॉकआउटनंतर महिन्याभराने आकडे गोंधळणं आणि तीन महिने डोकं दुखणं याची तपासणी झालीच पाहिजे. काही निघणार नाही कदाचित. पण ते डॉक्टरने सांगायचं. पावसावर ढकलून चालणार नाही.

त्यात हे वजन. ६७ वरून ६१, सात-आठ दिवसांत. ही चरबी नव्हे, पाणी आहे, हे तुला माहीत आहे. प्लास्टिकचा सूट घालून धावायचं, जेवण तोडायचं, शेवटच्या दिवशी घोटभर पाण्यालाही तरसायचं, फाइटच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं आणि मग एका रात्रीत सगळं परत भरायचं. शरीर असं सुकवून रिंगमध्ये गेलेल्या माणसाच्या मेंदूला मार जास्त बाधतो, असं डॉक्टर बजावत आले आहेत. १९८२ मध्ये लास वेगासला किम दुक-कू नावाचा कोरियन पोरगा चौदाव्या राऊंडला पडला आणि चार-पाच दिवसांत गेला. तुझ्याच वजनगटातला, लाइटवेट. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या फाइट पंधरावरून बारा राऊंडवर आल्या. नियम बदलायला एक मुलगा जावा लागला. तो गेला तेव्हा त्याची होणारी बायको पोटुशी होती. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

आता पैशाचं. दीड लाख हा आकडा तू पहिल्याच ईमेलमध्ये लिहिला आहेस. मॅनेजरचा वाटा करारात किती आहे ते बघ, या धंद्यात तो तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो. कोचला दहा टक्के द्यायचा रिवाज आहे. म्हणजे पन्नास गेले, पंधरा गेले, उरले पंच्याऐंशी हजार, आणि तिकीट, तपासण्या, कोपऱ्यातल्या माणसाचं राहणं कोणाच्या खिशातून ते फोनवर ठरलेलं नसणार. उरेल त्यात इंजिन येतं का ते तू मला सांग. आणि फाइटनंतर पुन्हा तीन महिने डोकं धरून बसलास तर १ ऑगस्टला ते इंजिन चालवणार कोण?

या मोसमापुरता दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जा. बाबांना कमीपणा वाटेल, चार दिवस वाटू दे. मच्छीमार सोसायटीत जाऊन इंजिनासाठी कर्जाचं विचार. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं, डिझेल-बर्फाचा खर्च त्यातून निघाला तर हातातला पैसा इंजिनाकडे वळवता येईल. आणि ते रौप्यपदक कुठे आहे? बहुतेक शोकेसमध्ये, सत्काराच्या शालीशेजारी. त्याचं प्रमाणपत्र काढ आणि ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तुझं पदक कुठल्या गटाच्या जागेला चालतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी कशी करायची ते तिथे कळेल. २९ व्या वर्षी अजून वेळ आहे, पस्तिशीत हेच धावपळीचं होईल. शिकवायची आवड असेल तर पटियालाच्या एनआयएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंगचे कोर्स आहेत, सहा आठवड्यांचाही आहे. मालवणात पोरांना ठोसा कसा चुकवायचा हे शिकवणारा माणूस असावा असं मला फार वाटतं. मारायला सगळेच शिकवतात.

मी तुला बॉक्सिंग सोड म्हणत नाही. डॉक्टरने तपासून हरकत नाही म्हटलं, पुरेशी विश्रांती झाली, तयारीला आठ-दहा आठवडे मिळाले, वजन सावकाश उतरलं आणि समोरच्याचे व्हिडिओ तू स्वतः बसून पाहिलेस, तर पुढची फाइट घ्यायची की नाही हे तुझं तू ठरव. तेव्हा मी मध्ये येणार नाही, टीव्हीसमोर बसेन. या घटकेला मात्र यातलं एकही तुझ्याकडे नाही.

प्रमोटरला फोन करू नकोस, तो बोलण्यात तुझ्यापेक्षा तयार आहे. मेसेज कर: "एप्रिलमध्ये नॉकआउट झालोय, तपासणी व्हायची आहे, ही फाइट घेत नाही." एवढंच. मॅनेजर चिडेल, चिडू दे.

मग बायकोला लिलावाचं सांग. ती 'नको' म्हणाली तेव्हा तिला काहीतरी दिसलेलं असणार. एकाच घरात राहता तुम्ही. या आठवड्यात गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जा, मेंदूच्या डॉक्टरांना दाखव, आणि त्यांच्यापुढे बढाई मारू नकोस. किती वेळा पडलास, स्पॅरिंगमध्ये किती खाल्लेस, सगळं सांग. बायकोला झेपत असेल तर सोबत ने, नाहीतर भावाला. डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्यायला तुझ्याशिवाय कोणीतरी हवं.

रिपोर्ट आला की कळव. इंजिनाचं काय झालं तेही.

— माई