वाचकांचे प्रश्न : ईस्टरच्या दोन तारखा

प्रश्न : माझा मुलगा जॉर्जियात तिबिलिसी येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. २०२४ साली आम्ही पुण्यात ३१ मार्चला ईस्टर साजरा केला, तर त्याच्या घरमालकीणबाईंकडे तो ५ मे रोजी झाला. प्रभू येशूचे पुनरुत्थान एकदाच झाले, मग त्याच्या सणात पाच आठवड्यांचे अंतर का पडावे? यांत बरोबर कोण आणि चूक कोण?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर चर्चच्या जवळजवळ साऱ्या इतिहासातून जावे लागते, कारण ख्रिस्ती मंडळी ज्या पहिल्या मोठ्या वादात आपसांत विभागली गेली, त्यांतला एक वाद याच तारखेचा होता.

येशूला क्रुसावर दिले गेले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. वल्हांडण चांद्र पंचांगाने ठरतो. निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, कोकरू मारले जाई. आशिया मायनरमधील मंडळ्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातील ख्रिस्ती लोक, त्याच चौदाव्या दिवशी आपला सण पाळत, मग त्या दिवशी कोणताही वार असो. रोममध्ये आणि इतर बहुतेक ठिकाणी मात्र पुनरुत्थान रविवारी झाले म्हणून सणही रविवारीच हवा, अशी परंपरा होती. इसवी सन १५५ च्या सुमारास आशिया मायनरमधील स्मुर्ण्याचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तेथील बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांनी या विषयावर चर्चा केली. पॉलिकार्प म्हणत की, आमची रीत प्रभूचा शिष्य योहान याच्यापासून आलेली आहे. अनिसेटस म्हणत की, माझ्या आधीच्या वडीलधाऱ्यांची रीत मला मोडता येत नाही. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही. तरीही अनिसेटस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्या बिशपांना दिला आणि दोघे शांतीने एकमेकांचा निरोप घेऊन निघाले. चर्चच्या इतिहासातील हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो याचे वाईट वाटते. पुढे इसवी सन १९० च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचे पाऊल उचलले, तेव्हा लियोंचे बिशप आयरेनियस यांनी त्यांना याच भेटीची आठवण करून दिली.

इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने निकिया येथे बिशपांची परिषद भरवली. ती परिषद ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या वादासाठी आपल्याला ठाऊक असते, परंतु सर्वांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा आणि त्यासाठी यहुदी समाजाच्या गणनेवर अवलंबून राहू नये, हा निर्णयही तेथेच झाला. या निर्णयाविषयी सम्राटाने मंडळ्यांना जे पत्र पाठवले, त्यात यहुद्यांबद्दल कडवट शब्द आहेत. ज्या लोकांच्या सणातून आपला सण उगवला त्यांच्याविषयी ते लिहिले गेले, हे ख्रिस्ती माणसाने दुःखाने मान्य केले पाहिजे. अनेक पुस्तकांत असे छापलेले असते की ‘२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार’ हे सूत्र निकियाने घालून दिले. परंतु परिषदेच्या वीस नियमांत असे सूत्र नाही. ते इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या चर्चच्या गणितातून आले आणि हळूहळू सर्वत्र स्वीकारले गेले. ते स्वीकारले जाईपर्यंत गोंधळ चालूच होता. ३८७ साली मिलानच्या बिशप अँब्रोझ यांनी पुढे थोर धर्मपंडित म्हणून गाजलेल्या ऑगस्टिन यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा दिला तो एप्रिलच्या अखेरीस, अलेक्झांड्रियाच्या गणनेप्रमाणे. त्याच वर्षी रोमचा ईस्टर त्याआधीच होऊन गेला होता.

हे गणित मराठी वाचकाला परके वाटू नये. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणून आपल्या पंचांगात अधिक महिना धरावा लागतो. साधारणपणे १९ वर्षांत असे सात अधिक महिने येतात, कारण १९ सौर वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ अचूक बसतात. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी याच १९ वर्षांच्या चक्रावर ईस्टरची कोष्टके बांधली. म्हणजे चर्चची पौर्णिमा ही आकाशात पाहिलेली पौर्णिमा नसून कोष्टकातील पौर्णिमा आहे, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचा घोळ उलगडत नाही.

कोष्टके वेगवेगळी असली की काय होते ते सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंब्रिया राज्यात दिसले. राजा ओस्विऊ आयरिश संन्याशांच्या रीतीने सण पाळत असे आणि केंटमधून आलेली त्याची राणी रोमच्या रीतीने. बीड हा इतिहासकार लिहितो की, कधी कधी राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करत असे, तेव्हा राणी व तिच्या परिवाराचा झावळ्यांचा रविवारच, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, चालू असे. ६६४ साली व्हिटबी येथील मठात, मठाधिपती हिल्डा यांच्या आश्रयाखाली, दोन्ही पक्ष एकत्र बसले आणि राजाने रोमचा पक्ष उचलून धरला. आयरिश पक्षाचे बिशप कोलमन आपल्या अनुयायांसह निघून गेले. आयरिश संन्याशांच्या आयोना बेटावरील मठाने रोमची गणना मान्य केली ती ७१६ मध्ये, म्हणजे आणखी अर्धशतकाने.

आता तिबिलिसीकडे येऊ. ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेले ज्युलियन पंचांग वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरते, प्रत्यक्षात ते सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही ११ मिनिटे साचत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंत संपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याची वेळ, २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी लुईजी लिलिओ या वैद्याने सुचवलेली आणि क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाने तपासलेली सुधारणा २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने लागू केली. त्या वर्षी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला, आणि त्याबरोबर चंद्राची कोष्टकेही दुरुस्त झाली. गणित उत्तम होते. अडचण आज्ञा कोणाची, ही होती. कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, दुसरे जेरेमाया यांनी ती नाकारली. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर बहिष्कार घातले होते आणि १२०४ मध्ये पश्चिमेकडील क्रूसयोद्ध्यांनी ते शहर लुटले होते. त्या आठवणी उराशी असलेल्या चर्चला रोमहून आलेली तारीख निव्वळ तारीख वाटणे कठीणच होते. प्रॉटेस्टंट देशांनाही ते पटले नाही. इंग्लंडने ही सुधारणा स्वीकारली ती १७५२ मध्ये.

जॉर्जिया, रशिया, सर्बिया यांची ऑर्थोडॉक्स चर्चेस आजही ज्युलियन पंचांग पाळतात आणि ते आता ग्रेगरी यांनी सुधारलेल्या, म्हणजे आपल्या ग्रेगोरियन पंचांगाच्या १३ दिवस मागे आहे. आपण विचारलेले २०२४ हे वर्षच उदाहरणाला घेऊ. आपल्याकडे धुळवड झाली त्या २५ मार्चच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ३१ मार्च, हा पुण्याचा ईस्टर. पण ज्युलियन पंचांगाचा २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला येतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही पौर्णिमा वसंत संपाताच्या आधीची ठरली आणि त्यांना पुढची घ्यावी लागली. ती पौर्णिमा आपल्याकडे हनुमान जयंतीला, २३ एप्रिलला झाली. त्यांचे जुने कोष्टक मात्र चंद्राच्याही चार-पाच दिवस मागे पडले असल्याने त्यांनी ती २८ एप्रिलला धरली. त्या दिवशी रविवार होता. पौर्णिमेच्या दिवशीच रविवार आला तर सण पुढच्या रविवारी करायचा असतो, म्हणून ५ मे.

बरोबर कोण, हे विचारलेत म्हणून स्पष्ट लिहितो. सूर्य-चंद्राच्या हिशेबाने पुण्याची तारीख अधिक जवळची आहे. परंतु नियम दोघांचा एकच आहे, आणि आपल्या पूर्वजांनी दिलेले कोष्टक एकट्याच्या मर्जीने बदलायचे नाही, असे म्हणणाऱ्या चर्चला मी चूक म्हणणार नाही. पॉलिकार्पही हेच म्हणाले होते.

प्रश्न : इसवी सनाची गणना ईस्टरमुळे सुरू झाली असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. ५२५ साली रोममध्ये राहणाऱ्या डायोनिसियस एक्सिगुअस या संन्याशाने अलेक्झांड्रियाच्या पद्धतीने ईस्टरची पुढील ९५ वर्षांची कोष्टके तयार केली. जुन्या कोष्टकांत वर्षे सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून मोजलेली होती. ज्याने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला त्याच्या नावाने सणाची वर्षे मोजणे त्यांना सहन झाले नाही, म्हणून त्यांनी ती ख्रिस्ताच्या देहधारणेपासून मोजली. दोनशे वर्षांनी बीड यांनी आपल्या इतिहासग्रंथात हीच गणना वापरली आणि ती युरोपभर रुजली. डायोनिसियस यांच्या हिशेबात काही वर्षांची चूक राहिली. ज्या हेरोद राजाच्या काळात येशूचा जन्म झाला, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्येच मरण पावला होता.

प्रश्न : सर्व चर्चेस मिळून एक तारीख ठरवण्याचा प्रयत्न आज कोणी करत आहे काय?
– एक वाचक, वसई

उत्तर : प्रयत्न शंभर वर्षे चालू आहेत. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी सुधारित पंचांग मांडले. ग्रीससह काही चर्चेसनी त्याप्रमाणे नाताळ २५ डिसेंबरला आणला, ईस्टर मात्र बहुतेकांनी जुन्याच गणनेवर ठेवला, आणि एवढ्या बदलानेही ग्रीसमध्ये जुन्या पंचांगाचे अनुयायी वेगळे झाले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये जाहीर केले की, इतर चर्चेसची संमती असेल तर ईस्टरसाठी ठरावीक रविवार नेमण्यास आमची हरकत नाही. १९९७ मध्ये सीरियातील अलेप्पो येथे झालेल्या बैठकीत त्याहून सरळ तोडगा निघाला. निकियाच्या नावाने चालत आलेला नियम तसाच ठेवावा आणि वसंत संपात व पौर्णिमा कोष्टकाऐवजी आजच्या खगोलशास्त्राने, यरुशलेमच्या रेखावृत्तावरून काढाव्यात, असा तो होता. या तोडग्यात कोणालाही दुसऱ्याचे पंचांग स्वीकारावे लागत नाही, पुण्याला आणि तिबिलिसीलाही आपापले कोष्टक बाजूला ठेवावे लागते, म्हणून मला तो सर्वांत न्याय्य वाटतो. तो अजून अमलात आलेला नाही.

केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च पूर्वेकडील परंपरेचे असूनही ईस्टर पुण्याच्याच, म्हणजे ग्रेगोरियन गणनेच्या तारखेला पाळते, त्यामुळे भारतात हा भेद सहसा जाणवत नाही. निकियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२५ साली दोन्ही गणना आपोआप जुळल्या आणि २० एप्रिलला सर्वांचा ईस्टर एकत्र झाला. २०२६ साली तारखा ५ आणि १२ एप्रिल अशा आहेत, आणि २०२७ मध्ये पुन्हा २८ मार्च व २ मे, म्हणजे पाच आठवड्यांचे अंतर.