मुलीला मेंदूवर संशोधन करायचंय, डी. फार्मला घालू का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र थोडक्यात असं: "मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. नीटला नंबर लागेल असं वाटत नाही. माझा पुतण्या सुरतेत ड्रग्जच्या नादी लागला, तेव्हापासून ती मेंदूबद्दलच वाचते. शरीरातलंच एक हार्मोन ड्रग्जपासून मेंदूच्या पेशी वाचवतं, त्यावर काम करायचं म्हणते. मी म्हणतो, डी. फार्म कर, मेडिकल टाकून देतो. आणि त्या हार्मोनच्या गोळ्या पुतण्याला द्याव्यात का?"

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो. गोळ्या देऊ नका. मुलगी वाचतेय ते बहुधा मेलाटोनिन. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते आणि शरीराला झोपेची वेळ कळते. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या अ‍ॅरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि शोधत होते कातडीच्या रंगावरचं औषध! मेथॅम्फेटामिनसारख्या ड्रगने पेशीत डोपामाइन (मज्जापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) नको तिथे सांडतं, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात आणि मज्जातंतूंची टोकं खराब होतात. मेलाटोनिन हे रॅडिकल्स निकामी करतं, पेशीचा बचाव करणारी एन्झाइम्सही वाढवतं. थायलंडच्या माहिडोल विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर. व्यसनात अडकलेल्या माणसाचा मेंदू यामुळे वाचतो, हे सिद्ध झालेलं नाही. पुतण्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे आजच फोन करा.

आता पोरीचं. तिला जे करायचंय त्याला फार्माकॉलॉजी म्हणतात, म्हणजे औषधं शरीरावर कशी काम करतात याचा अभ्यास, आणि त्यासाठी नीट लागत नाही. डी. फार्म दोन वर्षांचं, त्यावर दुकान नक्की चालेल, पण तिचा प्रश्न त्या काउंटरवर सुटणार नाही. तिला बी. फार्मला घाला. चार वर्षं लागतील, प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो, आणि पोर घरापासून लांब पाठवायची नसेल तर फैजपूर, चोपडा, शिरपूरला कॉलेजं आहेत. मेडिकलचं लायसन्स बी. फार्मवरही मिळतं, त्यामुळे तुमचा बेत बुडत नाही.

शेवटच्या वर्षी तिने जीपॅट, म्हणजे एम. फार्मसाठीची देशपातळीवरची परीक्षा, द्यावी. जीपॅट पास झाली की एम. फार्मला महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळू शकतो. नायपर या केंद्र सरकारच्या औषधनिर्माण शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा द्यायलाही जीपॅट लागते. मोहालीच्या नायपरमध्ये फार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी (विषारी परिणामांचा अभ्यास) शिकवतात. पुढे पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. बारावीनंतर हे सगळं दहा-अकरा वर्षांचं काम आहे, हे तिला आजच स्पष्ट सांगा. मध्येच थांबावं वाटलं तरी बी. फार्मवर औषध निरीक्षकाची परीक्षा देता येते, क्लिनिकल ट्रायल्समध्ये नोकऱ्या असतात.

एक गोष्ट मात्र तिने प्रवेशाआधी स्वतः पाहावी. या विषयात उंदरांवर काम करावं लागतं. त्यांना रोटेनोन देऊन (हे मूळचं कीटकनाशकच) मेंदूला इजा करतात, मग औषध देऊन फिरत्या दांड्यावर त्यांचा तोल किती टिकतो ते पाहतात, शेवटी मेंदू काढून तपासतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी असलेल्या समितीची परवानगी लागते, नियम कडक आहेत, तरी काही मुलांचं मन त्याला तयार होत नाही. त्यात काहीही वावगं नाही. तसं झालं तर बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करून पेशींवरच्या प्रयोगांकडे वळता येईल. जवळच्या फार्मसी कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज देऊन लॅब बघायची परवानगी मागा आणि तुम्हीही तिच्यासोबत जा. तिथल्या मॅडम-सरांना काय विचारायचं ते तिलाच ठरवू द्या.