आजोळचा इतिहास आणि दोन टाकी

प्रश्न : माझं माहेर जुन्नर. आम्ही आता चाकणला राहतो. मुलगी सातवीत आहे आणि तिला शाळेत 'माझ्या आजोळचा इतिहास' लिहायला सांगितलाय. शिवजन्म तिला पाठ आहे. पण त्याआधी जुन्नर म्हणजे नुसतं आडबाजूचं गावच होतं का? तालुक्याच्या गावाला एवढा काय इतिहास असणार, असं घरातलेच म्हणतात. – एक वाचक, चाकण

उत्तर : ताई, घरातल्यांना सांगा, इतिहास आहे आणि तो दगडावर लिहून ठेवलेला आहे. मी जुन्नरला एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या तासाला विचारायचो, "आपल्या गावात काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "शिवनेरी!" ते बरोबरच आहे. पण महाराज जन्मले 1630 साली, आणि त्याच्या दीड हजार वर्षं आधी जुन्नर ही भरलेली बाजारपेठ होती.

याचं कारण नाणेघाट. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांनिशी. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पावलं उरलीत आणि वर नावं. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

मला स्वतःला मात्र राणीच्या दानापेक्षा लहान माणसांची दानं जास्त जवळची वाटतात. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यांतले कितीतरी लेख एकदोन ओळींचे आहेत. लेण्याद्रीचं सहावं लेणं, म्हणजे चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनेचं दालन), कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. नहपान क्षत्रप या राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम यानं टाकं आणि मंडप दिला. त्याच्या लेखात 46 वं वर्ष आहे. ते शक कालगणनेचं धरलं तर इ.स. 124 होतं.

एका एप्रिलमध्ये नववीचा वर्ग लेणी बघायला नेला होता. दुपारी एकपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. सावलीला बसून मी माझ्या वहीतला एक लेख वाचून दाखवला : 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो'. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, बे म्हणजे दोन. इरिल नावाच्या यवनानं दिलेली दोन टाकी. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, यवन म्हणजे मुसलमान ना? मग बौद्धांच्या लेण्यात त्यांनी टाकी कशाला खोदली?" मी सांगितलं, त्या काळी यवन म्हणजे ग्रीक, पश्चिमेकडून आलेला माणूस, इस्लामचा उदय व्हायला अजून काही शतकं होती. ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतक्या लांबून आला आणि इथे पाणी देऊन गेला?" घसा कोरडा पडलेल्या पोरीनं ते विचारलं होतं. त्या दिवशी जुन्नरचा इतिहास मला जसा समजला तसा आधी कधी समजला नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी मिळावं, भिक्षूंना पावसाळ्यात निवारा मिळावा, म्हणून परक्यांनी आणि दाणेवाल्यांनी इथे पैसा ओतलाय.

पुढचं थोडक्यात लिहिलं तरी चालेल. मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरच होती, नंतर ती अहमदनगरला गेली. जुन्नरी कागदाला दूरवर नाव होतं. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून तटावरून आत शिरून मोगलांची ही पेठ लुटली. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. मात्र जिथे जन्म झाला तो शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. हे वाक्य मुलीला जरूर लिहू द्या. वर्गात ते सांगताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

आता काम सांगतो. दिवाळीत माहेरी याल तेव्हा तिला लेण्याद्रीला न्या. गिरिजात्मजाचं दर्शन सगळेच घेतात. तो गणपती बसलाय तेही मुळात भिक्षूंचा विहार, म्हणजे राहायची जागा आहे, सातवं लेणं. भल्यामोठ्या दालनात एकही खांब नाही आणि भोवती भिक्षूंच्या लहान लहान खोल्या, हे तिला दाखवा. मग शेजारच्या सहाव्या लेण्यासमोर थांबा. लेखाच्या जुन्या ब्राह्मी लिपीतला 'क' अगदी सोपा, अधिकच्या खुणेसारखा. कल्याणचा तो 'क' तिचा तिला शोधू द्या. फक्त अक्षरांवर खडू फिरवू नका आणि कोणाला फिरवू देऊ नका. फोटोत उठून दिसावं म्हणून लोक ते करतात आणि दगड झिजतो.

तिला प्रकल्पात चित्र काढायचं असेल तर किल्ल्याचं काढेलच. शेजारच्या पानावर एक टाकं काढायला सांगा, आणि त्याखाली इरिलाचं नाव.