हाताने सोल्डर करायच्या बोर्डासाठी फुटप्रिंट कसे घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की पाच-दहाच बोर्ड घरी जोडायचे आहेत, पुढे दुरुस्तीही करावी लागेल, तर कायकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतले फुटप्रिंट, म्हणजे बोर्डवर पार्ट बसायच्या जागेचे आराखडे, आहेत तसेच घ्यावेत का. रेझिस्टर-कपॅसिटरसाठी त्याच लायब्ररीत नावाच्या शेवटी 'हँडसोल्डर' लिहिलेले फुटप्रिंट आहेत, ते घ्या. त्यांचे पॅड, म्हणजे पार्ट ज्यावर सोल्डर करायचा ते तांब्याचे तुकडे, बाहेरच्या बाजूने थोडे लांब असतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक पॅडला आणि पार्टच्या कडेला एकाच वेळी टेकायला हवं, त्याला एवढी जागा लागतेच. साइझ ०८०५ ठेवा, तो २ मिमी लांब असतो. ०४०२ जेमतेम १ मिमीचा, चिमट्यातून उडाला की सापडत नाही.

क्यूएफएन प्रकारच्या चिपला बाहेर पाय नसतात, म्हणून तिचे पॅड बॉडीच्या कडेपासून अर्धा मिमी तरी बाहेर काढा. पोटाखालच्या पॅडच्या मधोमध मी २ मिमीचं प्लेटेड, म्हणजे आतून तांब्याचा थर असलेलं, भोक ठेवतो. बोर्ड उलटा करून त्यातून सोल्डर सोडता येतं, आणि चिप काढताना उष्णताही तिथूनच देता येते.

सगळ्यात जास्त काळजी ग्राउंडच्या पिनांची घ्या. माझ्या पहिल्या बोर्डवर कनेक्टरची ग्राउंड पिन दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पसरलेल्या थरात थेट बुडवली होती. कनेक्टर बदलायची वेळ आली, आयर्न ३५० अंशांवर, तरी त्या पिनेचं सोल्डर वितळेना. सगळी उष्णता तांबं ओढून घेत होतं. मी जोर लावला आणि भोकातल्या प्लेटिंगसकट पॅड उखडून हातात आला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून थर्मल रिलीफ, म्हणजे पॅड आणि तांब्याच्या मध्ये चार बारीक पट्ट्या, मी कधीच चुकवत नाही. जास्त करंटची किंवा चिप थंड ठेवणारी जोडणी मात्र थेटच असू द्या.

क्यूएफएनच्या पोटाखालचं ते भोक सोडलं तर पॅडमध्ये व्हाया, म्हणजे बोर्डच्या दोन बाजू जोडणारं बारीक भोक, नको, सोल्डर त्यातून खाली निघून जातं. पिन १ ची खूण बॉडीच्या बाहेर हवी, पार्ट बसल्यावरही दिसली पाहिजे. बारीक चिपच्या शेजारी उंच कपॅसिटर ठेवलात तर आयर्न आत शिरणार नाही.

हेडर, म्हणजे ओळीने पिना असलेले कनेक्टर, तिरके बसत असतील तर स्पार्कफन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची युक्ती वापरा. ते भोकं एकाआड एक रेषेच्या या बाजूला, त्या बाजूला ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.१३ मिमी सरकवतात. पिना त्यात अडकून राहतात आणि बोर्ड उलटा केला तरी हेडर पडत नाही.

ऑर्डर देण्याआधी बोर्ड कागदावर १:१ छापा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून बघा. आरशातल्यासारखा उलटा झालेला एक कनेक्टर मला असाच वेळेवर सापडला होता.