'ह्यंग'चा 'दादा' करावा का?

प्रश्न असा आला आहे: दोन पुरुषांच्या प्रेमावरच्या कोरियन चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करताना धाकटा थोरल्याला 'ह्यंग' म्हणतो, त्याचा शब्दकोशातला अर्थ 'मोठा भाऊ', तर 'दादा' लिहावं का?

लिहू नये. 'ह्यंग' तसाच ठेवावा.

पुरुषाने थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द, पण तो सख्ख्या भावापुरता नाही. वर्गातला, कामावरचा, ओळखीतला जवळचा माणूस वर्षभराने मोठा असला तरी तो 'ह्यंग'. इथवर आपला 'दादा' बरोबरीने चालतो, आपणही रिक्षावाल्याला दादा म्हणतोच. फरक पडतो तो पुढे. मराठीत ज्याला भाऊ मानलं त्याच्याशी दुसरं नातं बंद, त्यात राखी आहे, भाऊबीज आहे. प्रेमाच्या प्रसंगात 'दादा' आला की प्रेक्षागृहात एक तर हशा पिकेल किंवा लोक अस्वस्थ होतील, आणि दोन्ही चुकीच्या कारणाने. कोरियनमध्ये तसं दार बंद होत नाही. बाई थोरल्या पुरुषाला 'ओप्पा' म्हणते, भावाला आणि प्रियकरालाही. 'ह्यंग'ची गंमत वेगळी आहे: त्यात प्रेमाची शंका कुणाला येतच नाही. धाकटा चारचौघांत थोरल्याला अशी हाक मारू शकतो आणि ऐकणाऱ्याला दोन मित्रच दिसतात. तो आडोसा आहे, म्हणून तो पुसून टाकून नुसतं नाव लिहिणंही बरं नाही. शिवाय प्रेक्षकाच्या कानावर 'ह्यंग' पडत असतं, खाली भलतंच नाव दिसलं की खटकतं.

लेखन 'ह्यंग' असंच करा. रोमन लिपीत 'eo' किंवा 'u' लिहितात म्हणून 'ह्योंग' आणि 'ह्युंग' झाले आहेत. मूळ स्वर 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला, आणि शेवटचा 'ग' उच्चारात नाहीच, नुसता नाकातला 'ङ'. जागेचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा: काही सॉफ्टवेअर मात्रा, अनुस्वार आणि पायमोडही वेगळे अक्षर म्हणून मोजतात. 'ह्यंग' डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत पाच. ओळ भरत असेल तर नुसत्या हाकेतला 'ह्यंग' गाळा, तो ऐकू येतोच. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र गाळू नका.

खरं काम क्रियापदात आहे, आणि इथे मराठी कोरियनला फार जवळची. कोरियनमध्ये 'तू'–'तुम्ही' सहसा उच्चारतच नाहीत, आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'वास्सॉयो?' म्हणजे 'आलात?', 'वास्सॉ?' म्हणजे 'आलास?'. 'यो' गळला की आपल्या 'त'चा 'स' होतो, बस. म्हणून 'तुम्ही आलात का?' अशी लांबण लावू नका. अनोळखी दोघे पहिल्यांदा भेटतात तेव्हा दोन्हीकडून 'यो' असतो. मग एक जण विचारतो, 'माल नोआदो द्वेयो?' शब्दशः, बोलणं खाली ठेवू का. मराठीत यासाठी घरचाच वाक्प्रचार आहे: 'अरे-तुरे केलं तर चालेल?' इंग्रजी उपशीर्षकांवरून काम केलंत तर ही ओळ 'जरा मोकळं बोलूया' अशी काहीतरी होऊन हातची जाते. मूळ संवाद ऐकून 'यो' कुठे येतो, कुठे जातो आणि भांडणात पुन्हा कुठे परततो, तेवढ्या जागी आधी खुणा करून घ्या.

दुसरा सापळा 'सांगचॉ'. अर्थ जखम, अंगावरची आणि मनावरचीही. इसोंग ही-इल यांच्या 2012च्या 'पेग्या'सारख्या चित्रपटात (दोन वर्षांनी सोलला आलेला विमानसेवक, पार्सलं पोचवणारा तरुण, एकच रात्र, आणि मागे समलिंगीद्वेषातून झालेली मारहाण) 'जखम' हाच शब्द दोन्हीकडे बसतो. 'मानसिक आघात' लिहिलंत की पात्र डॉक्टरसारखं बोलू लागतं. उलट 'सांगचॉ पादात्ता' हे रोजचं बोलणं आहे. तिथे 'दुखावलो' पुरे, 'जखमी झालो' नको.

आता सगळ्यात नाजूक जागा. कोरियनमध्ये व्याकरणाचं लिंग नाही. 'एइन' म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी, 'क साराम' म्हणजे तो किंवा ती. त्यामुळे जुन्या प्रेमाबद्दल आईसमोर, सहकाऱ्यासमोर बोलताना पात्र खोटं न बोलताही बरंच लपवू शकतं. हिंदीत हे करायला गेलं की 'था'–'थी'पाशी अडतं. मराठीकडे मात्र नपुंसकलिंग आहे. 'तेव्हा माझ्या आयुष्यात कुणीतरी होतं.' 'कुणी आवडतं का तुला?' दोन्ही वाक्यं अगदी नैसर्गिक, आणि काहीच उघड करत नाहीत. वाक्य लांबलं तर 'ती व्यक्ती' वापरा. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी असली तरी ऐकणारा त्यावरून बाई धरत नाही. पण सलग तीन-चार वेळा आली की सरकारी पत्र वाटतं, तेव्हा मधली वाक्यं कर्ता गाळून फिरवा: 'कधी भेटायचं ठरलं की रात्र झालेली असायची.' आणि 'मान्नादा'चा अर्थ नुसतं भेटणं नाही, प्रेमात असणंही आहे, हे इथे विसरू नका.

पुढे पात्र सगळं सांगून टाकतं. मूळ संवादात तिथेही क्रियापद तेच राहतं, आपल्याला मात्र 'होतं'चं 'होता' करावं लागतं. ते नेमकं त्या ओळीत करा. एक ओळ आधी 'तो' लिहिलात तर त्याने जे अजून सांगितलेलं नाही, ते तुम्ही सांगितलंत.