फॉक्सप्रोचा जुना हिशेब फ्रीडॉसवर हलवावा का?

तुमचा प्रश्न असा: दुकानाचा हिशेब फॉक्सप्रो २.६ (जुन्या काळचं डेटाबेस सॉफ्टवेअर) मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर, तो एमएस-डॉस ६.२२ (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम) वर, मशीन पेंटियमच्या जमान्यातलं. हार्डडिस्क आता कुरकुरायला लागली आहे आणि डॉसच्या मूळ फ्लॉप्या सापडत नाहीत. फ्रीडॉस (एमएस-डॉसचे प्रोग्राम चालवणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकला तर चालेल का, आणि फुकट काम करणाऱ्या लोकांनी बनवलेल्या सिस्टीमवर इतक्या वर्षांचा हिशेब सोडावा का?

बहुतेक चालेल. पण ‘फ्रीडॉस हुबेहूब एमएस-डॉस आहे का’ या प्रश्नात अडकू नका. तुमचा प्रोग्राम एमएस-डॉसच्या नेमक्या कशाकशाला धरून उभा आहे, ते तपासा.

भरवशाचं आधी सांगतो. एमएस-डॉस आता गुंडाळला जाणार असं दिसू लागल्यावर जिम हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने २९ जून १९९४ रोजी यूजनेट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर घोषणा केली की आपण सगळे मिळून फुकट डॉस लिहू. पॅट विलानी यांच्याकडे सी भाषेत लिहिलेला डॉसचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) तयार होता, तो त्यांनी दिला. टिम नॉर्मन यांनी कमांड.कॉम, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, लिहिला. तरी १.० आवृत्ती यायला सप्टेंबर २००६ उजाडलं, म्हणजे बारा वर्षं. १.३ फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, १.४ एप्रिल २०२५ मध्ये. तीस वर्षं चालू असलेलं आणि सोर्स उघडा असलेलं काम आहे. ज्याचा मूळ कर्ता केव्हाच हात झटकून मोकळा झाला, त्या ६.२२ पेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

वेळ कुठे गेला हे कळलं की पुढच्या अडचणी कुठून येतात तेही कळतं. प्रोग्राम डॉसकडे काम मागतो ते इंटरप्ट २१ (हेक्स) मधून: फाइल उघड, वाच, लिही, तारीख सांग. ही कामं कागदोपत्री नोंदलेली आहेत, ती सारखी करणं अवघड नाही. अवघड आहे ते न नोंदलेलं. त्याच इंटरप्टचं ५२ नंबरचं फंक्शन डॉसच्या पोटातल्या याद्यांचा पत्ता देतं. नेटवर्कचे ड्रायव्हर आणि मेमरीत ठाण मांडून बसणारे प्रोग्राम तिथून आत हात घालून अमुक बाइटवर अमुक गोष्ट असेल असं धरून चालत. म्हणून फ्रीडॉसच्या कर्नलला त्या याद्या त्याच क्रमाने, त्याच अंतरावर ठेवाव्या लागतात. विंडोज ३.१ फ्रीडॉसवर स्टँडर्ड मोडमध्ये उठतं, पण एन्हान्स्ड मोडने इतकी वर्षं त्रास दिला तो याच पोटातल्या भानगडीमुळे. फॉक्सप्रो मात्र सरळमार्गी आहे, फायली उघडतो आणि लिहितो, त्यामुळे तुमची बाजू मुळात बरी आहे.

आता काम. कुरकुरणाऱ्या डिस्कवर आधी स्कॅनडिस्क (डॉसचा डिस्कदुरुस्तीचा प्रोग्राम) चालवू नका, दुरुस्तीच्या नादात ती उरलासुरला डेटा घेऊन जाते. डिस्क काढा, ४० पिनांच्या आयडीई-यूएसबी अडॅप्टरवर लावा (जंपर मास्टरवर, चार पिनांची पॉवर वेगळी द्यायची), आणि लिनक्स मशीनवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम) वापरून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे सेक्टर-टू-सेक्टर नक्कल, घ्या. नोंदीची मॅप फाइल द्यायला विसरू नका. मधेच डिस्क अडकली तर तिच्यामुळे तिथूनच पुढे जाता येतं. डिस्कवर डबलस्पेस किंवा ड्राइव्हस्पेसने दाबलेला भाग असेल, तर जुनी सिस्टीम चालते आहे तोवर तिच्यातूनच फायली बाहेर काढा. फ्रीडॉसकडून ते उघडायची आशा धरू नका.

नवी डिस्क म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि आयडीई अडॅप्टर घ्या. हे कार्ड मुळातच हार्डडिस्कची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे फक्त पिनांची जोडणी. २ किंवा ४ जीबी पुष्कळ झालं. मोठं घेतलंत तर पेंटियम काळातल्या कित्येक बायोसना (बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम) ८.४ जीबीच्या पुढचं दिसत नाही. ४८६ च्या बोर्डाची मर्यादा तर ५०४ एमबीलाच येते.

इथे एक चूक हमखास होते. कार्डाचं पार्टिशन दुसऱ्या मशीनवर करून आणतात आणि मग जुन्या मशीनवर कर्सर नुसता लुकलुकत बसतो. दोन्ही बायोस डिस्कची हेड आणि सेक्टरची मोजणी वेगवेगळी करतात, आणि ती मोजणी बूट सेक्टरमध्ये लिहिली जाते. म्हणून एफडिस्क (पार्टिशन करणारा प्रोग्राम) आणि फॉरमॅट ज्या मशीनवर कार्ड राहणार त्याच मशीनवर करा. पार्टिशन ॲक्टिव्ह करायचं राहिलं तरी बूट होत नाही, तेही पाहा.

एफडिस्क फॅट३२ (डिस्कवर फायली मांडायची नवी पद्धत, जुनी फॅट१६) हवं का असं विचारेल. नाही म्हणा. २ जीबीच्या आत फॅट१६ ठेवा. एक तर एमएस-डॉस ६.२२ ला फॅट३२ वाचता येत नाही, म्हणजे परतीची वाट बंद होते. दुसरं, जुने प्रोग्राम रिकामी जागा मोजताना २ जीबीच्या पुढे गडबडतात, आकडा ऋण होतो आणि अर्धी डिस्क मोकळी असताना ‘जागा पुरेशी नाही’ असं सांगतात.

इन्स्टॉल करताना जुन्या मशीनसाठी लेगसी सीडी घ्या, कारण नेहमीच्या सीडीवरून ती मशीनं बरेचदा बूट होत नाहीत. जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका, समोर दिसेल ती डिस्क इन्स्टॉलर फॉरमॅट करायला निघतो. पर्याय येतील त्यात साधी डॉस सिस्टीम निवडा, खेळ आणि एडिटर हिशेबाच्या मशीनवर नकोत. मग प्रोग्रामची डिरेक्टरी एक्सकॉपीने /ई आणि /एच लावून आणा. एच मुळे लपवलेल्या फायली येतात. त्यांत कधीकधी प्रोग्रामच्या कुलपाची फाइल असते, ती राहिली की प्रोग्राम ‘चोरीची प्रत’ म्हणून बंद पडतो. काही कुलपं तर फाइल डिस्कवर नेमकी कुठल्या जागी पडली आहे तेही बघत. तसं असेल तर फायली आणून उपयोग नाही. इमेजच सेक्टर-टू-सेक्टर कार्डावर उतरवायची आणि फ्रीडॉसच्या फ्लॉपीवरून ‘सिस सी:’ करून फक्त कर्नल आणि कमांड.कॉम बदलायचे.

इन्स्टॉलनंतर पहिला घोळ कॉन्फिग.सिसचा. तुम्ही जुनी कॉन्फिग.सिस आणून ठेवाल, त्यात फाइल्स=९९ असेल, तरी फॉक्सप्रो ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणत राहील. फ्रीडॉसचा कर्नल आधी एफडीकॉन्फिग.सिस शोधतो, आणि ती सापडली की कॉन्फिग.सिसकडे ढुंकूनही पाहत नाही. ऑटोएक्झेक.बॅटचंही तेच, फ्रीडॉस एफडीऑटो.बॅट वापरतो. ओळी तिथे लिहा. फाइल्सचा आकडा मोठा का लागतो? मेमो आणि इंडेक्स असलेलं एक टेबल म्हणजे डीबीएफ (डेटा), एफपीटी (मेमो) आणि सीडीएक्स (इंडेक्स) अशा तीन फायली. ग्राहक, माल, बिल, बिलाच्या ओळी, खातेवही अशी दहा टेबलं उघडी म्हणजे तीस फायली तिथेच झाल्या.

त्याच फायलीत बूटचा मेनू असतो. पहिला पर्याय जेमएक्स, दुसरा जेम३८६, दोन्ही मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर. फॉक्सप्रोची वाढीव मेमरी वापरणारी एक्स आवृत्ती पहिल्यावर अडली तर दुसरा करून बघा. तोही अडला तर साधी आवृत्ती चालवा, दुकानाच्या आकाराला ती पुरते. प्रोग्राम ‘डॉसची आवृत्ती चुकीची’ म्हणाला तर घाबरू नका. फॅट३२ चालवणारा फ्रीडॉस कर्नल स्वतःला ७.१० म्हणवतो. एफडीकॉन्फिग.सिसमध्ये व्हर्जन=६.२२ ही ओळ टाकली की काम होतं.

एक दोष फ्रीडॉसच्या माथी फुकट मारला जातो, तो ‘डिव्हाइड बाय झीरो’. बोर्डही बदलायच्या विचारात असाल तर हा भेटणारच. टर्बो पास्कलच्या प्रोग्राममध्ये त्याचं रूप ‘रनटाइम एरर २००’. सुरू होताना प्रोग्राम टायमरच्या एका टिकटिकीत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, आपलं चक्र किती वेळा फिरतं ते मोजतो आणि त्या आकड्याला ५५ ने भागतो. भागाकार १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत बसायला हवा. वेगवान प्रोसेसरवर तो बसत नाही आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. फॉक्सप्रो २.६ चं दुखणं याच जातीचं. एमएस-डॉसवरही ते असंच होतं, फक्त तेव्हा मशीन हळू होतं. यावर प्रोग्रामच्या एक्झेला पॅच लावायचा, किंवा प्रोसेसर हळू करणारी छोटी युटिलिटी आधी चालवायची.

प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आणि एलपीटी१ (पहिला पॅरलल पोर्ट) वर असेल तर काहीच करायचं नाही. यूएसबी प्रिंटर विसरा. डोंगल (प्रोग्रामचं कुलूप म्हणून पोर्टला लावायचा छोटा तुकडा) असेल तर बोर्डावरच्या पॅरलल पोर्टलाच लावा. पीसीआय कार्डावरचा पोर्ट बहुधा ३७८ (हेक्स) या पत्त्यावर नसतो आणि जुना प्रोग्राम दुसरीकडे शोधतच नाही. पेनड्राइव्ह चालतो तो बायोसने बूटच्या वेळी डिस्क म्हणून दाखवला तरच, मधेच लावून दिसणार नाही. दोन मशीनवरून एकच डीबीएफ उघडत असाल तर थांबा. फ्रीडॉसचा शेअर (एकाच वेळी उघडलेल्या फायली लॉक करणारा प्रोग्राम) मला एमएस-डॉसच्या शेअरइतका पक्का वाटत नाही, लॉकिंग नीट तपासल्याशिवाय त्यावर बिलं करू नका.

बिलं मराठीत निघत असतील तर मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं) असण्याची शक्यता आहे. फायलींमधला इस्की (भारतीय लिप्यांची जुनी सांकेतिक पद्धत) मजकूर म्हणजे १२७ च्या वरचे बाइट, डॉस कुठलाही असो, तो त्यांना हात लावत नाही. पण आयसा (जुन्या बोर्डांवरच्या) स्लॉटातलं ते कार्ड नव्या बोर्डात बसणारच नाही. अशा वेळी जुना बोर्ड सांभाळणं हेच शहाणपण. त्यावर पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर आजच काढा, ती गळून बोर्डाचे ट्रॅक खाते.

आता खरी परीक्षा. गेल्या महिन्याच्या डेटाच्या दोन सारख्या प्रती घ्या, एक जुन्या डॉसवर आणि एक फ्रीडॉसवर. दोन्हीकडे तीच वीस बिलं टाका, महिनाअखेर करा, री-इंडेक्स करा. रोजकीर्द, ताळेबंद आणि येणेबाकी हे तीन रिपोर्ट प्रिंटरऐवजी फायलीत काढा. मग एफसी /बी (दोन फायली बाइटनिहाय ताडून पाहणारी आज्ञा) लावून फायली जुळवा. डीबीएफमध्ये पहिल्याच काही बाइटमध्ये फरक दिसला तर दचकू नका. शेवटच्या बदलाची तारीख (वर्ष, महिना, दिवस) दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये असते आणि एफसी शून्यापासून मोजतो, म्हणून १, २, ३ या जागांवरचा फरक सोडून द्यायचा. त्याच्या पुढे एक बाइट जरी वेगळा निघाला तर तो कुठल्या रेकॉर्डचा हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही मशीनवर तारीख आणि वेळ आधी सारखी लावा, नाहीतर प्रत्येक बिलात फरक दिसेल.

नवं मशीन घेणार असाल तर लॅपटॉपच्या खोक्यावर ‘फ्रीडॉस’ छापलंय म्हणून भुलू नका. ते विंडोजचे पैसे वाचवण्यापुरतं असतं. फ्रीडॉसला जुन्या पद्धतीचा बायोस लागतो आणि नव्या मशीनमध्ये बरेचदा नुसतं यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असतं, लेगसीचा पर्यायच नाही. तिथे लिनक्स टाकून क्यूईएमयूमध्ये (एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) फ्रीडॉस चालवा. ३२ एमबी मेमरी आणि ५०० एमबीची डिस्क पुरते. एफडीऑटो.बॅटमध्ये ‘एफडीएपीएम एपीएमडॉस’ ही ओळ टाका. नाहीतर डॉस रिकामा बसूनही प्रोसेसर शंभर टक्के तापवत ठेवतो आणि पंखा दिवसभर ओरडतो.

कार्डं दोन घ्या. एकावर जुन्या एमएस-डॉसची इमेज जशीच्या तशी, दुसऱ्यावर फ्रीडॉस. मार्च अखेरीच्या तोंडावर काही अडलं तर कार्ड बदलायला पाच मिनिटं लागतात.