वंशभेदाच्या अभ्यासकाने चळवळीत उतरावं का?

वंशभेदाचा अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ स्वतः चळवळीत उतरला तर त्याच्या संशोधनावर कोण विश्वास ठेवणार, असं तुम्ही विचारलंय. मला ही भीती खरी वाटत नाही. नोकरीला धक्का बसू शकतो, संशोधनाच्या विश्वासार्हतेला नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याकडे पाहा.

१८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियातल्या सेव्हन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीची पाहणी करायला बोलावलं. ते पत्नीसह त्याच वस्तीत राहिले आणि स्वतः घरोघर फिरून कामधंदा, घरभाडं, शिक्षण, आरोग्य यांची माहिती गोळा केली. वस्तीतल्या दैन्याचं खापर तेव्हा सर्रास वंशावर फोडलं जाई. ड्यू बॉइस यांनी गुलामगिरीचा वारसा आणि नाकारल्या जाणाऱ्या नोकऱ्यांकडे बोट दाखवलं. हा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केलं नाही. मानद प्राध्यापकपद दिलं ते थेट २०१२ मध्ये, मृत्यूनंतर ४९ वर्षांनी! हा अभ्यास केला तेव्हा तर ते चळवळीचे नेतेही नव्हते. म्हणजे तटस्थ राहूनही दार बंदच होतं.

ते अटलांटा विद्यापीठात शिकवत असताना, एप्रिल १८९९ मध्ये, जॉर्जियात जमावाने सॅम होज या कृष्णवर्णीय शेतमजुराचे हाल करून त्याला जिवंत जाळलं. ड्यू बॉइस निवेदन घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळलं की होजच्या बोटांची हाडं पुढच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते माघारी फिरले. माणसं अशी मारली जात असताना थंड, अलिप्त शास्त्रज्ञ राहता येत नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं.

पण त्यांनी आकडे सोडले नाहीत, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी विद्यार्थ्यांसह हाताने रंगवलेले तक्ते मांडले: कृष्णवर्णीयांची जमीन, साक्षरता, व्यवसाय. १९१० पासून 'क्रायसिस' मासिकाच्या संपादकपदावरून ते लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने केलेल्या अशा हत्यांविरुद्ध, लढले. बाबासाहेब आंबेडकरांनाही त्यांच्या कामाची ओळख होती; १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

किंमत मात्र मोजावी लागली. तेव्हाचे वजनदार कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी जाहीर मतभेद झाल्यावर त्यांच्या संशोधनासाठी पैसा मिळणं अवघड झालं. १९४४ मध्ये, ७६ व्या वर्षी, अटलांटा विद्यापीठातून त्यांना मनाविरुद्ध निवृत्त केलं गेलं.

तेव्हा चळवळीत जरूर उतरा. फक्त माहिती कशी गोळा केली, कुणाला काय विचारलं, हे सगळं उघड मांडा. तुमच्या विरोधकालाही ते तपासता आलं पाहिजे.